चौथी पट्टी

वागळे इस्टेटमधल्या त्या ड्रॉइंग ऑफिसात नव्याने लागलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी सांगितल्या जायच्या. अमोनियाच्या मशीनवर काम करताना डोळे चोळायचे नाहीत, आणि कर्णिकबाईंच्या टेबलावरून ड्रॉइंग परत आलं की वाद घालायचा नाही. पहिलं विसरलं तर डोळे दुपारपर्यंत लाल राहायचे. दुसरं विसरलं तर ड्रॉइंग.

सुहासिनी कर्णिक डोंबिवलीहून यायच्या. पासष्ट साली त्या ट्रेसर म्हणून लागल्या, म्हणजे इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईने गिरवून काढायचं काम. बारा वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या रेषा गिरवल्या. गिरवता गिरवता त्यांना इंजिनिअरांच्या चुका दिसायला लागल्या, आणि दिसल्या की त्या गप्प बसेनात. शेवटी साहेबांनी कंटाळून त्यांना चेकर केलं. तेव्हापासून प्रत्येक ड्रॉइंगची एक कच्ची प्रत, चेक प्रिंट, त्यांच्यासमोर यायची. बाईंच्या डाव्या हाताला पिवळी पेन्सिल असायची, उजव्या हाताला लाल. बरोबर असलेल्या प्रत्येक रेषेवर आणि आकड्यावर पिवळी खूण, चुकलेल्यावर लाल. खूण केल्याशिवाय काहीच सोडायचं नाही. बोल्टचं भोकसुद्धा नाही.

घरीही हेच. त्यांचे यजमान मधुकर कर्णिक मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होते. ते पाहुण्यांना सांगायचे, "आमच्याकडे लग्नाची पत्रिका आली की आधी तपासली जाते. मुहूर्त बरोबर निघाला तरच अहेर." सोसायटीच्या फळ्यावर लागलेल्या नोटिशीतल्या चुकांना एकदा कोणीतरी लाल गोल केले होते. कोणी केले हे सेक्रेटरीने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नवी नोटीस लावली.

अमोनियाच्या मशीनवर चंदू होता. चंदू दामाजी कोळी, चेंदणी कोळीवाड्यातला. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून आलेला, पण जागा नव्हती म्हणून प्रिंटिंगवर लागला. ट्रेसिंगखाली पिवळट कागद घालायचा, मशीनमधून फिरवायचा, अमोनियाच्या वाफेतून जांभळ्या रेषांची प्रत बाहेर काढायची. लागला त्याच महिन्यात त्याने एका साहेबाच्या घाईपायी एक ड्रॉइंग छापलं होतं. त्याच्या चेक प्रिंटचा एक कोपरा बिनखुणेचा होता. बाईंनी बाराच्या बारा प्रती उभ्या फाडल्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खूण नाही म्हणजे तपासलं नाही. तपासलं नाही म्हणजे प्रिंट नाही. देव आला तरी!"

चार वर्षांत चंदू ते एकदाही विसरला नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात एका दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, तो बाईंच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हातात रबरबँड लावलेली गुंडाळी.

"मॅडम, एक चेक करायचंय."

"कुठल्या जॉबचं?"

"जॉबचं नाही. माझंच हाय."

बाईंनी चष्मा वर केला. चंदूने गुंडाळी सोडली. अमोनिया पेपरच्या रोलमधून कापून उरलेल्या लांब पट्ट्या रद्दीत जायच्या. त्या वापरायची परवानगी त्याने साहेबांकडून घेतली होती. अशा चार पट्ट्या होत्या, प्रत्येक पट्टीवर पोस्टकार्डाएवढी चार पानं. चारही एकापुढे एक चिकटवून घड्या घातल्या की खिशात मावेल असं सोळा पानांचं पुस्तक तयार. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'जिताडा'.

"चित्रांची गोष्ट आहे?"

"हो. टेंभी नाक्याला नवरात्रात माझा दोस्त गोविंदा खेळण्यांची गाडी लावतो. एक कोपरा देतो बोललाय. पण त्याआधी तुम्ही बघा. तुम्ही पास केलंत तरच छापणार."

"मला गोष्टीतलं काय कळतं रे?"

"तुम्हाला चूक कळते ना? मग झालं."

बाईंना हे उत्तर आवडलं. त्यांनी पट्टी पुढे ओढली.

गोष्ट चंदूच्या बापाची होती आणि खरी होती. दहा वर्षांपूर्वी दामाजीला खाडीपलीकडच्या एका कंपनीत वॉचमनच्या नोकरीसाठी बोलावलं होतं. सकाळी दहाला गेटवर हजर राहायचं होतं. दामाजी मेव्हण्याची पॅन्ट घालून आपल्याच होडीतून निघाला. जाता जाता आदल्या दिवशी लावलेलं जाळं बघायला वळला, तर जाळ्यात जिताडा. एवढा मोठा जिताडा खाडीत कित्येक वर्षांत कोणी पाहिला नव्हता. तो ओढून घेण्यात तास, दोन तास, तीन तास गेले. दामाजी चिखलाने माखून, मासा खांद्यावर घेऊन गेटवर पोचला, तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "टाइम संपला."

"अजून वाड्यात कोणाला कुठे जायला उशीर झाला का लोक विचारतात, काय रे, जिताडा लागला काय?" चंदू म्हणाला. "बाबा वरवर हसतो. पण हळदीला, लग्नाला कोणी ती गोष्ट काढली का उठून जातो. सगळे गेटपर्यंतच सांगतात, मॅडम. त्याच्यापुढं घरी काय झालं ते कोणी सांगत नाही. मला ते सांगायचंय. बाबाने वाचलं का त्याला वाटलं पाहिजे, पोरानं माझी थट्टा नाही केली."

"बरं. आता तू बोलू नकोस. ड्रॉइंगबरोबर माणूस पाठवत नाहीत. कागदानं सांगितलं पाहिजे."

बाई पहिल्या तीन पट्ट्यांवरून भराभर नजर फिरवत गेल्या. मग बोट टेकवलं.

"हे काय? होडीची रेष, जाळ्याची रेष, बाबांच्या तोंडाची रेष, सगळ्या एकाच जाडीच्या. डोळ्यानं थांबायचं कुठे? तीन पेनं आहेत ना तुझ्याकडे? मग जाड पेन माणसाला दे. जाळ्याला बारीक. मेहनतीनं एकेक गाठ काढली आहेस, पण त्या जाळ्यात मासा सोडून बाबाच अडकलेत."

चंदूने मान खाली घालून ऐकलं.

"तिसऱ्या पानावर लिहिलंयस, दामाजी होडीत बसला. चित्रात दामाजी होडीत बसलेलाच आहे. मी आंधळी आहे का? दिसतं ते परत लिहायचं नाही. आणि हा मासा. सातव्या पानावर हाताएवढा. नवव्यावर बाबांच्या कमरेपर्यंत. अकराव्यावर गेटवरच्या माणसापेक्षा उंच. दोन दोन पानांत वाढला?"

"बाबा घरात सांगतो तेव्हा तो असाच वाढतो, मॅडम."

शेजारच्या टेबलावरचा कोणीतरी फिसकन हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने मासा मोजला.

"मुद्दाम आहे तर मला कळायला हवं की मुद्दाम आहे. असा चोरून चोरून वाढवलास तर माणूस म्हणणार, याला प्रमाण जमत नाही. वाढवायचाच तर लाज सोडून वाढव. चौकटीत मावला नाही पाहिजे."

"लिहितो मॅडम." चंदूने खरंच हातावर लिहिलं.

"आणि तीन तास गेले म्हणतोस. पाचव्या पानावर सकाळ, आठव्यावर एकदम उशीर. वेळ गेला हे कशावरून?"

आता चंदूचा चेहरा उजळला. त्याने पाचव्या पानावरचा एक खांब दाखवला. खाडीत रोवलेला, जाळं बांधायचा. "इथं पाणी बघा. आता सहावं पान. सातवं. आठवं."

चारही पानांवर तोच खांब होता आणि दर पानाला तो पाण्याबाहेर जास्त लांब दिसत होता, म्हणजे ओहोटी लागली होती. आठव्या पानावर खांबाचा खालचा चिखलाचा भाग उघडा पडला होता. बाईंच्या नजरेतून ते सुटलं होतं. त्यांनी चारही पानं पुन्हा पाहिली.

"हे कोळ्याला कळेल. डोंबिवलीच्या माणसाला कसं कळणार?"

"तो दोनदा वाचेल."

बाईंनी पिवळी पेन्सिल उचलली आणि चारही खांबांवर खूण केली. मग म्हणाल्या, "पाणी तू कुठे काढलंच नाहीस. नुसता कोरा कागद सोडलायस."

"सगळीकडं पाणीच आहे. काढू कुठं?"

बाईंनी कोऱ्या कागदावर पिवळी खूण केली. ऑफिसच्या इतिहासात कोऱ्या जागेला पास मिळाल्याची ती पहिलीच वेळ असावी.

"सगळं दुरुस्त करून ताजी चेक प्रिंट दे. रविवारी घरी सावकाश तपासते."

"आणि मॅडम, शेवटची पट्टी जरा..." चंदू अडखळला. "तिच्यात एकपण शब्द नाही. गोविंदा बोलला, लोकांना वाटेल छापायचं राहिलं. मलापण कळत नाही. ती चालते का, तेवढं खास बघा."

रविवारी सकाळी बाईंनी डायनिंग टेबल पुसून घेतलं, चार पट्ट्या पसरल्या, दोन्ही पेन्सिलींना टोक काढलं. मधुकररावांनी चहा करून आणून ठेवला आणि ते पेपर घेऊन समोर बसले. पहिल्या पट्टीवर अकरा लाल खुणा झाल्या. दुसरीवर सात. तिसरीवर चार, त्यातली एक गेटवरच्या माणसाच्या उलट्या अंगठ्याला. पोरगा सुधारत होता. दामाजीच्या तोंडाची रेष आता जाड, ठाम आली होती.

मग चौथी पट्टी.

कोळ्याच्या घरात सगळ्यात चांगला मासा शिजत नाही. तो बाजारात जातो, घरात येतात बारकी मासळी आणि उरलेसुरले तुकडे. पण त्या दिवशी दामाजी गेटवरून परत येईपर्यंत बाजार उठला होता. जिताडा विकला गेला नाही. तेराव्या पानावर चंदूची आई शेवंती विळीवर तो कापत होती, आणि दारात वाड्यातली पोरं जमली होती. त्यांनी जन्मात कधी जिताडा खाल्ला नव्हता. चौदाव्यावर ताटांची रांग. पंधराव्यावर नुसते हात, लहान-मोठे, पुढे आलेले, काट्यांतून मास काढणारे. आणि सोळाव्यावर दोन घरांच्या मध्ये आडवं टाकलेलं वल्हं, त्यावर वाळत घातलेली मेव्हण्याची पॅन्ट, खाली काटे चाटणारी दोन मांजरं, आणि उंबऱ्यातून बाहेर आलेली, पोट भरून झोपलेल्या दामाजीची पावलं.

"चहा निवला," मधुकरराव म्हणाले.

"हं."

"सुहास, निवला म्हणतोय."

"ऐकलं हो. जरा गप्प बसा ना."

त्यांनी ती चार पानं पुन्हा पाहिली. मग पंधरावं एकटंच पाहिलं. मग पट्ट्या गोळा केल्या, रबरबँड लावला, पिशवीत टाकल्या. पेन्सिली डब्यात ठेवताना त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं, बाहेर निघताना गॅस चालू राहिल्यासारखं. त्यांनी उठून गॅस पाहिला. बंद होता.

सोमवारी चंदू प्रिंट पोचवायला कल्याणला गेला होता. बाईंनी गुंडाळी त्याच्या ट्रेमध्ये ठेवली. चिठ्ठी लिहायची पद्धत नव्हती. चेक प्रिंटच सगळं बोलते. त्याच दुपारी त्या पंधरा दिवसांच्या रजेवर पुण्याला गेल्या, बहिणीचं, सरोजचं, ऑपरेशन होतं.

परत आल्या तोवर नवरात्र बसलं होतं. रविवारी चारच्या सुमाराला, गर्दी व्हायच्या आत देवीचं दर्शन घ्यावं म्हणून त्या ठाण्याला उतरल्या. टेंभी नाक्याला गाड्या नुकत्या लागत होत्या. गोविंदाची गाडी शोधायला वेळ लागला नाही. भिरभिऱ्यांच्या आणि प्लास्टिकच्या बंदुकांच्या कोपऱ्यात दोरीवर चिमटे लावून जांभळ्या रेषांची घडीची पुस्तकं टांगली होती, आणि त्यांच्यामागे चंदू.

"मॅडम!" त्याने घाईघाईने एक काढून दिलं. "तुमच्यासाठी ठेवलेलं."

बाईंनी उभ्या उभ्या उघडलं. एकूण एक लाल खूण दुरुस्त झाली होती. अंगठा सरळ झाला होता. 'दामाजी होडीत बसला' गेलं होतं. अकराव्या पानावर जिताड्याची शेपटी चौकट फोडून दहाव्या पानावर गेली होती, आणि ते पाहून त्यांना मोठ्याने हसू आलं. बाराव्या पानावर गेट. "टाइम संपला."

त्यांनी पुढची घडी उलगडायला बोट घातलं. घडी नव्हती. त्यांनी पुस्तक उलटलं. मागे कागदाची पिवळट पाठ.

"चौथी पट्टी कुठाय?"

चंदू गोंधळला. "तुम्ही पास नाही केली ना, मॅडम."

"मी? कोणी सांगितलं?"

त्याने गाडीखालच्या पिशवीतून जपून ठेवलेली चेक प्रिंट काढली. तीन पट्ट्या लाल-पिवळ्या झालेल्या. चौथी स्वच्छ. एक ठिपका नाही.

"खूण नाही म्हणजे तपासलं नाही," चंदू म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, पाठ केलेला नियम होता. "मला वाटलं, तपासायच्यापण लायकीची नाही ती. मला आधीच डाउट होता. बोललेलो ना मी, शब्द नाहीत तिच्यात. तुम्ही रजेवर. मग बारा पानंच छापली. गेटवर संपवली."

बाईंनी ती बिनखुणेची पट्टी हातात घेतली. तो रविवार, निवलेला चहा, ते पंधरावं पान. तेवीस वर्षांत हजारो कागद त्यांच्या हाताखालून गेले होते.

"बाबांनी वाचलं?"

"पहिल्याच दिवशी. हळूहळू वाचतो तो, बोट ठेवून. बारावं पान झालं तसं उलटून पाठ बघितली, तुम्ही आता बघितलीत तशीच. मग बोलला, तूपण गेटपर्यंतच." चंदूने भिरभिरं उगीच फिरवलं. "तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. वाड्यात चाळीस गेली. लोक हसतात. चांगलं हसतात तसे, चित्रं भारी आहेत बोलतात. पण बाबा..."

"गोविंदा, याच्या पुस्तकांकडे लक्ष ठेव," बाई बंदुका मांडणाऱ्या गाडीवाल्याला म्हणाल्या. "चंदू, ती प्रिंट घे. घर दाखव तुझं."

"आता? देवीचं दर्शन?"

"देवी कुठे जात नाही दसऱ्यापर्यंत. चल."

दोघं चालत चेंदणीला पोचले. दामाजी ओट्यावर बसून जाळं सांधत होता. पायाच्या अंगठ्यात दोरा, तोंडात सुतळीचं टोक. पोराबरोबर चष्म्यातली बाई बघून त्याने सुतळी काढली, पण पोराकडे पाहिलं नाही.

"मी सुहासिनी कर्णिक. याच्या ऑफिसात तपासनीस आहे. याच्या पुस्तकात चूक झाली आहे आणि ती माझी आहे. याची नाही."

"काय गो बाय, पुस्तकात चूक कुठं हाय?" दामाजी शांतपणे म्हणाला. "सगलं खरं हाय. टाइम संपला. तसंच झालेलं."

"अर्धंच झालेलं." बाईंनी चौथी पट्टी त्याच्या गुडघ्यावरच्या जाळ्यावर पसरली. "हे पुढचं. यानं आधीच काढलं होतं. माझ्यामुळे छापायचं राहिलं."

दामाजीने हात लुंगीला पुसले. बोट ठेवून बघायला लागला. वाचायला काही नव्हतं, तरी बोट चालत होतं, विळीवरून ताटांवर, ताटांवरून हातांवर. पंधराव्या पानावर ते एका लहान हातापाशी थांबलं.

"यो शेजारच्या शालूचा," तो म्हणाला. "तिच्या बोटाला त्या दिवशी चटका बसलेला. कपडा बांधलेला हाय बघ." मग वर न बघता, "मंग राहिलं कसं?"

बाईंनी सगळं सांगितलं. पिवळी पेन्सिल, लाल पेन्सिल, खुणेचा नियम, रविवार. "ही पट्टी हातात घेतली आणि मी बघतच बसले. खूण करायचं सुचलंच नाही. चेकर झाल्यापासून पहिल्यांदा. नियम माझाच, आणि यानं तो पाळला."

दामाजीने आता मान वर केली. एकदा बाईंकडे, एकदा पट्टीकडे पाहिलं. त्याच्या मिशा हलल्या.

"म्हंजे तुझा पण टाइम गेला."

"गेला," बाई म्हणाल्या.

आतून शेवंती हसली. दामाजीही हसला, आणि पहिल्यांदाच पोराकडे बघून म्हणाला, "उभा काय ऱ्हातोस, बायला पाट आन. न आता तपास गो. माझ्यासमोर तपास. परत राहायला नको."

बाईंच्या पर्समध्ये दोन्ही पेन्सिली असायच्याच. त्यांनी पाटावर बसून एकेक रेष बघायला घेतली. पिवळी, पिवळी, पिवळी. चौदाव्या पानावर लाल पेन्सिल उचलली.

"आठ माणसं आहेत. ताटं सातच."

"मी मागून जेवले," शेवंती दारातून म्हणाली. "बराबर हाय त्याचं."

लाल पेन्सिल खाली. पिवळी.

"तेराव्यावर थांब," दामाजी म्हणाला. "जिताड्याचा डोला असा नसते. याने बोय मासलीचा काढलाय. जिताड्याचा डोला चमकते, जिता असो का मेलेला. न मासा जरा मोठा कर."

"बाबा, विळीपेक्षा मोठा हाय आधीच!"

"विली लहान होती."

बाईंनी डोळ्याला लाल गोल केला. माशाच्या आकाराला पिवळी खूण केली आणि बापलेकांना भांडू दिलं. पाच दिवसांनी दोघं बोलत होते, विळीच्या मापावरून का होईना.

चहा पिताना चंदूने हळूच विचारलं, "मॅडम, खरं सांगा. चूक सोडा. पुस्तक कसं झालंय?"

बाईंना असा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. ड्रॉइंग बरोबर असतं किंवा चुकीचं. त्यांनी कप खाली ठेवला.

"तुझा हात अजून कच्चा आहे. माणसं वळतात तेव्हा तुला खांदा सापडत नाही. बाबांचं नाक दुरुस्त करूनही दोन ठिकाणी बदललंय. पण कुठली गोष्ट सांगायची आणि कुठे गप्प बसायचं हे तुला कळतं. रेष शिकवता येते. हे मला नसतं शिकवता आलं. आणि शब्द नाहीत म्हणून कोणी काही म्हणालं तर माझ्याकडे पाठव."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत चंदूने अर्ध्या ब्लेडने ट्रेसिंगवरचा बोयचा डोळा खरवडला आणि जिताड्याचा काढला. बाई स्वतः अमोनियाच्या मशीनपाशी उभ्या राहिल्या, डोळ्यांना पदर लावून. शंभर पट्ट्या निघाल्या. साहेबांनी लांबूनच विचारलं, "कुठला जॉब?" बाई म्हणाल्या, "रिव्हिजन आहे. तपासलेली आहे." साहेब पुढे गेले.

संध्याकाळी टेंभी नाक्याला गोविंदाच्या गाडीपाशी बाई डिंकाची बाटली घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. नव्या पुस्तकांना सोळा पानं होती. पण बारा पानांची किती गेली होती कोण जाणे, आणि ती परत आणायची कशी हे चंदूला सुचत नव्हतं. सहाच्या सुमाराला दामाजी आला. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. त्याने दोन मिनिटं गर्दीचा अंदाज घेतला आणि मग खाडीत एका होडीवरून दुसऱ्या होडीला हाक मारतात तशी हाक मारली.

"बारा पानांवाले कोण हायत रं? माझं बारा पानांचं पुस्तक कोणी नेलं? इकडं या! चार पानं ऱ्हायली तुमची! फुकट हायत!"

लोक वळले. वाड्यातली दोन पोरं पळत जाऊन आपली पुस्तकं घेऊन आली, मग त्यांच्यामागे आणखी. बाई पट्टीच्या कडेला डिंक लावायच्या, कडेला कड जुळवायच्या, अंगठ्याने दाबायच्या, घडी पाडून द्यायच्या. दामाजी पुस्तक हातात देताना म्हणायचा, "इथं बघ. माझ्यासमोर बघ. घरी जाऊन नको." आणि तो पुस्तकाकडे न बघता बघणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. पंधराव्या पानावर माणूस थांबला की त्याचं समाधान व्हायचं आणि तो पुढच्याला बोलवायचा.

सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेले एक गृहस्थ बायको-मुलीसह थांबले होते. शनिवारी मुलीसाठी नेलेलं पुस्तक त्यांनी खिशातून काढून दिलं. बाईंनी चौथी पट्टी चिकटवून परत केलं. त्यांनी तेरावं पान उलगडलं, चौदावं उलगडलं, मग चष्म्यावरून बघितलं.

"अहो, यात काही लिहिलेलंच नाही. छापायचं राहिलं वाटतं."

चंदू चपापून बाईंकडे बघायला लागला. बाईंनी तोंड उघडलं, पण दामाजी आधीच पुढे झाला होता.

"राहिलं काय नाय, साहेब," तो म्हणाला. "आमी जेवतोय तिथं. जेवताना कोण बोलते?"